वाचकांचे प्रश्न : हृदय-फुप्फुसांच्या पदव्युत्तर शिक्षणाबद्दल

प्रश्न : बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) आणि इंटर्नशिप संपली. एम.पी.टी.ला (पदव्युत्तर पदवीला) मला ‘कार्डिओ’ (हृदय-फुप्फुसं) घ्यायचंय. घरचे म्हणतात, ‘मस्क्युलो’ (स्नायू-सांधे) घे, स्वतःचं क्लिनिक तरी चालेल. काय करावं, आणि कॉलेज निवडताना काय बघावं? – सातारा

घरच्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. गुडघा दुखणारा माणूस आपल्या पायांनी क्लिनिकात येतो. बायपास झालेला किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा) पेशंट मात्र बहुधा डॉक्टरांनी पाठवल्याशिवाय येत नाही. त्यामुळे ‘कार्डिओ’चं काम रुग्णालयाच्या आधारानेच उभं राहतं : आयसीयू, हृदयशस्त्रक्रियेचा वॉर्ड, छातीविकार विभाग. तिथे राबायची तयारी असेल तर हा विषय जरूर घ्या. टीबी बरा झाला पण दम लागायचा राहिला, अशी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांना शिस्तीत व्यायाम देणारे हात फार थोडे आहेत.

एम.पी.टी. दोन वर्षांचं. महाराष्ट्रात प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. अभिमत विद्यापीठांचे नियम वेगळे, ते त्यांच्या माहितीपत्रकात पाहा. विद्यापीठाच्या कॉलेजांत अभ्यासक्रम एकच असतो. फरक पडतो तो तुमच्या हाताखालून कोण आणि किती पेशंट जातात यामुळे. म्हणून इमारत पाहू नका, वॉर्डात जा. आठवड्याला ओपन हार्ट शस्त्रक्रिया किती होतात ते विचारा. फिजिओला कधी बोलावतात? शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, की डिस्चार्जच्या आदल्या दिवशी? हृदयरोग विभाग पेशंट व्यायामासाठी नियमित पाठवतो का? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची केसची नोंदवही मागून बघा, ती सगळं सांगते.

आणखी एक सोपी परीक्षा. स्पायरोमीटरजवळ (फुंकलेली हवा मोजणाऱ्या यंत्राजवळ) उभं राहून विचारा, ‘तीन लिटरची सिरिंज कुठे आहे?’ यंत्र तपासायची ही सिरिंज टेबलावर असेल तर तिथे मोजमाप गांभीर्याने घेतात. कपाटाची किल्ली शोधावी लागली तर समजून घ्या.

प्रश्न : पहिल्या वर्षाला आहे. स्पायरोमेट्री करते, पण एकाच पेशंटचे आकडे सकाळी एक आणि दुपारी भलतेच. चूक कुठे होत असेल? – कोल्हापूर

आधी यंत्र, मग पेशंट, मग तुमच्या सूचना, या क्रमाने शोधा.

वर सांगितलेली सिरिंज रोज काम सुरू करण्याआधी वापरायची. तीन लिटर हवा ढकलल्यावर यंत्राने 2.91 ते 3.09 लिटर दाखवायला हवं, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. एकदा झपकन, एकदा मध्यम, एकदा सावकाश, अशा तिन्ही वेगांनी ढकला. सिरिंज खिडकीतल्या उन्हात आणि यंत्र एसीखाली असेल तर तपासणीच खोटी ठरते. दोन्ही एकाच खोलीत, एकाच तापमानाला ठेवा.

आता पेशंट. ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले, नाकाला क्लिप. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, सैल असेल तर काढा. ओठांतून हवा निसटली की आकडा खाली येतो. जीभ माउथपीसच्या तोंडाशी आली तरी तेच. ‘जोरात फुंका’ एवढंच सांगून भागत नाही. आधी छाती काठोकाठ भरून घ्यायला लावा, मग क्षणभरही न थांबता एकदम सोडायला सांगा. भरल्यावर माणूस रेंगाळला की सुरुवातीचा जोर जातो. पहिल्या सेकंदात खोकला आला तर तो प्रयत्न बाद.

बहुतेक जण चुकतात ते शेवटाला. पेशंटचा चेहरा लाल झाला की आपल्याला दया येते आणि आपण ‘झालं, झालं’ म्हणतो. रेषा सपाट होईपर्यंत, म्हणजे शेवटच्या सेकंदात 25 मिलीलिटरपेक्षा कमी हवा येईपर्यंत किंवा 15 सेकंद होईपर्यंत ‘अजून, अजून, अजून’ म्हणत राहा. आधी थांबवलंत तर एफव्हीसी (एका दमात सोडलेली एकूण हवा) खोटी लहान येते, एफईव्ही-1शी (पहिल्या सेकंदातल्या हवेशी) तिचं गुणोत्तर वर सरकतं, आणि श्वासनलिका खरोखर आवळलेल्या असूनही अहवाल ‘नॉर्मल’ निघतो. दमेकऱ्याला नॉर्मल ठरवून घरी पाठवणं ही लहान चूक नाही.

तीन स्वीकारण्याजोगे प्रयत्न हवेत, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत 150 मिलीलिटरपेक्षा जास्त फरक नको. मोठ्या माणसांत आठ प्रयत्नांच्या पुढे जाऊ नका, पेशंट थकतो. सकाळ-दुपारच्या फरकाबद्दल शेवटचं : मध्ये त्याने इनहेलर घेतला होता का, हे विचारलंत का? सालब्युटामॉल 400 मायक्रोग्रॅम दिल्यावर 15 मिनिटांनी आपण मुद्दाम हाच फरक मोजतो. न सांगता घेतलेला पफ तुमचा सगळा दिवस गोंधळात टाकतो. प्रत्येक अहवालावर शेवटच्या इनहेलरची वेळ लिहायची सवय लावून घ्या.

प्रश्न : मी जी.एन.एम. (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, सहा वर्षं कार्डिॲक आयसीयूत. थेट एम.एस्सी. करता येईल का? – लातूर

थेट नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत पदवीला 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. मेडिकल-सर्जिकल शाखेत हृदय-छाती शुश्रूषा ही उपशाखा आहे. क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे. त्यालाही बी.एस्सी. लागतं, पण तिथे बहुतेक वेळ पेशंटजवळच जातो. शिकवायचं असेल तर एम.एस्सी. घ्या. बेडजवळच राहायचं असेल तर नर्स प्रॅक्टिशनरचा विचार करा. चार वर्षं काढणं शक्य नसेल तर हृदय-छाती शुश्रूषेचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा जी.एन.एम.वर करता येतो, आणि सहा वर्षांच्या अनुभवाला त्याची जोड चांगली बसते.

तुमचा अनुभव मुलाखतीत नीट मांडा. ‘ड्रेन (छातीतून हवा-रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या) सांभाळले’ एवढंच म्हणू नका, काय पाहिलंत ते सांगा. बाटली छातीच्या पातळीखाली, नळीचं टोक पाण्यात दोन सेंटिमीटर, श्वासाबरोबर पाणी वरखाली होतंय. बुडबुडे येत असताना नळीला क्लॅम्प लावत नाही, कारण हवा आत साठून फुप्फुस दबतं. आणि हृदयशस्त्रक्रियेनंतर भरभर येणारा ड्रेन एकाएकी थांबला, बीपी उतरतंय, सीव्हीपी (हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब) चढतंय, तर रक्तस्राव थांबला म्हणून हुश्श करायचं नाही. नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवती साठत असेल, हे ओळखून सर्जनला त्याच मिनिटाला फोन करायचा. एवढं नेमकं सांगणाऱ्या सिस्टरला वेगळं प्रशस्तिपत्र लागत नाही.

प्रश्न : ब्रिटनमध्ये हृदय-श्वसन विषयात एम.एस्सी. केलं की तिथे फिजिओ म्हणून काम करता येतं का? – पुणे

नुसत्या पदवीवर नाही. तिथे ‘फिजिओथेरपिस्ट’ म्हणवून घ्यायला एचसीपीसी या नियामकाकडे नोंदणी लागते. ती तुमचं बी.पी.टी., अनुभव आणि इंग्रजी तपासून वेगळी मिळते. पैसे भरण्याआधी हा अर्ज समजून घ्या. तिथलं एम.एस्सी. 180 क्रेडिटचं असतं. 60 क्रेडिटला सर्टिफिकेट आणि 120ला डिप्लोमा मिळतो, म्हणून नोकरी करणारे बरेच जण एकेक मॉड्यूल घेत पुढे जातात. परत येऊन इथे शिकवायचा विचार असेल तर समकक्षतेबद्दल इथल्या परिषदेकडून आणि विद्यापीठाकडून आधीच लेखी उत्तर घ्या.

प्रश्न : सीओपीडीच्या पेशंटमध्ये श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाने सहा मिनिटांतलं चालणं वाढतं का, हा माझा थिसिसचा विषय. सगळे म्हणतात 30 पेशंट घे, चालतं. पुरेल का? – नाशिक

30 हा आकडा परंपरेने चालत आलाय. तुमच्या प्रश्नाला किती पेशंट लागतात ते गणित करून पाहा. सहा मिनिटांच्या चालण्यात साधारण 30 मीटरचा फरक पेशंटच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानतात. समजा, अंतराचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) 60 मीटर आहे. पाच टक्के चुकीची मुभा आणि 80 टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटाला 15.7 (या दोन्हींतून येणारा ठरलेला आकडा) गुणिले 60चा वर्ग भागिले 30चा वर्ग, म्हणजे 63 पेशंट. त्यांतले 15 टक्के गळणार म्हटलं की 75. दोन गटांचे 150. दोन वर्षांत एकट्याने होण्यासारखं हे काम नाही.

पण शेवटच्या अंतराऐवजी प्रत्येकाच्या अंतरात किती बदल झाला ते मोजलंत, तर बदलाचं विचलन लहान असू शकतं. ते 40 मीटर असेल तर गटाला 28, गळती धरून 33, एकूण 66. हे आवाक्यातलं आहे. 60 असो की 40, विचलन तुमच्यासारख्याच पेशंटवर झालेल्या आधीच्या अभ्यासातून घ्या आणि सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) तसं लिहा. मनाने घेतलेला आकडा एथिक्स कमिटीत पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

क्रम चुकवू नका : सिनॉप्सिस, एथिक्स कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत) नोंदणी, आणि त्यानंतर पहिला पेशंट. 1 एप्रिल 2018पासून सीटीआरआय फक्त आधीच केलेली नोंदणी घेतं. दहा पेशंट झाल्यावर आठवण झाली तर पुढे शोधनिबंध छापायला अडचण येते. व्यायाम देणारी तुम्ही असाल तर चालण्याची चाचणी बॅचमेटकडून करून घ्या, तिला गट कळू देऊ नका. आणि फॉलो-अपच्या तारखा पेरणी, कांदाकाढणी बघून ठरवा. त्या दिवसांत गावाकडचा पेशंट येत नाही, आणि तो बेपर्वा आहे म्हणून येत नाही असं मुळीच नाही.

प्रश्न : एम.पी.टी. होऊन तालुक्याच्या ठिकाणी लागलो. ट्रेडमिल नाही, सायकल नाही. पल्मनरी रिहॅब (फुप्फुसांच्या पेशंटसाठी व्यायामाचा कार्यक्रम) कसं चालवू? – चिपळूण

व्हरांडा आहे ना? 30 मीटर सपाट लांबी मोजा, दोन टोकांना दोन कोन (रस्त्यावर असतात तसे शंकू) ठेवा. कमी लांबीत वळणं वाढतात आणि अंतर कमी येतं, म्हणून 30ला चिकटून राहा. आधी सहा मिनिटांची चाचणी. महिन्याभरात हार्ट अटॅक किंवा अस्थिर अंजायना झालेल्याची चाचणी करू नका. बसल्या बसल्या नाडी 120च्या वर किंवा बीपी 180/100च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पेशंटच्या बरोबरीने चालू नका, तो तुमच्या चालीने चालू लागतो. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य बोला, फक्त उरलेली मिनिटं बदलत : पहिल्या मिनिटाला ‘छान चालताय, अजून पाच मिनिटं.’ अर्ध्या तासाने चाचणी पुन्हा घ्या आणि मोठा आकडा धरा, कारण दुसऱ्यांदा माणूस सरावाने जास्त चालतो. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नाही, नखाला नेलपॉलिश नाही, हे बघा.

समजा, तो 300 मीटर चालला, म्हणजे मिनिटाला 50. व्यायामाला त्याच्या 80 टक्के, मिनिटाला 40 मीटर. म्हणजे व्हरांड्याचं एक टोक ते दुसरं टोक 45 सेकंदांत. मोबाइलवर 45 सेकंदांची घंटी लावा, घंटीला पेशंट कोनापाशी पोचला पाहिजे. अशा 13 खेपा म्हणजे जवळजवळ दहा मिनिटं. ट्रेडमिलपेक्षा हे कुठेही उणं नाही. उलट, हीच चाल तो घरच्या अंगणात चालू शकतो. दम दहापैकी चार ते सहा असावा. ऑक्सिजन 88च्या खाली गेला की बसवा. सुरुवातीला दहा मिनिटं तुकड्यांत, हळूहळू सलग 20 ते 30. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातांच्या व्यायामाला पुरतात. आठव्या आठवड्याला चाचणी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे पेशंटच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. तो ते पाठवणाऱ्या डॉक्टरांना दाखवतो, आणि पुढचा पेशंट तिथूनच येतो.

प्रश्न : पर्फ्यूजनमध्ये (शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन चालवण्यात) पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. जबाबदारी नेमकी किती असते? – नागपूर

हृदय थांबलेलं असताना पेशंटचं रक्त फिरवणं आणि त्यात प्राणवायू भरणं तुमच्या पंपाकडे असतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत क्लिनिकल पर्फ्यूजनचा दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे. कुठेही शिकलात तरी हातात किती केस मिळतात, हाच पहिला प्रश्न विचारा.

एक उदाहरण देतो. 60 किलोचा पेशंट, किलोला 300 युनिट हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध), म्हणजे 18 हजार युनिट. बाजारात हेपॅरिन मिलीलिटरला एक हजार युनिटचं मिळतं आणि पाच हजारांचंही. पाच हजारांच्या कुपीतून 3.6 मिलीलिटर लागतं. तेवढंच एक हजाराच्या कुपीतून काढलं तर डोस पाचपट कमी पडतो. कुपीवरचा आकडा दोघांनी मोठ्याने वाचायचा. भूलतज्ज्ञांनी सेंट्रल लाइनमधून औषध दिल्यावर काही मिनिटांनी एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) बघायचं. सर्वसाधारण नियम 480 सेकंदांचा. त्याखाली पंप सुरू केला तर ऑक्सिजनेटरमध्ये गुठळ्या होऊ शकतात. आधीपासून हेपॅरिनवर असलेल्या पेशंटमध्ये आकडा कधी कधी चढतच नाही, कारण हेपॅरिन ज्याच्यामार्फत काम करतं ते रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन कमी झालेलं असतं. मग वाढीव डोस, फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा किंवा अँटिथ्रॉम्बिन, आणि पुन्हा एसीटी. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे तुमच्याकडे बघत असतात, सर्जन विचारत असतात. आकडा येईपर्यंत ‘थांबा’ म्हणायचं काम तुमचं.