इलेक्ट्रोड आपोआप कसा सुधारला?

प्रश्न : सर, मी एमएस्सी केमिस्ट्रीला आहे, प्रोजेक्ट विजेने पाण्यातून ऑक्सिजन काढायच्या कॅटॅलिस्टवर (या क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावर). निकेल हायड्रॉक्साइडचा थर दिलेला इलेक्ट्रोड 1 मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) लावला तर आधी अगदीच सुमार, मग तसाच भिजत राहिला आणि आठवड्याने करंट, म्हणजे ऑक्सिजन सुटायचा वेग, चांगलाच वाढला, मी तर काहीच केलं नव्हतं. मैत्रीण म्हणते रीडिंग चुकलंय. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रीडिंग बरोबर असावं, मला संशय केओएचमधल्या लोखंडाचा आहे. बाटलीवर एआर ग्रेड (प्रयोगशाळेसाठीची शुद्ध प्रत) छापलेलं असलं तरी लोखंड थोडं असतंच, आणि निकेल हायड्रॉक्साइड ते एक पीपीएमपेक्षा (दहा लाखांत एक भाग) कमी असलं तरी ओढून घेतं. कॉरिगन या संशोधकाने 1987 मध्येच हे दाखवलं होतं, मग 2014 मध्ये ओरेगॉन विद्यापीठात बोएचर यांच्या ग्रुपने केओएच साफ करून बघितलं तर नुसतं निकेल फारच मागे पडलं. म्हणजे राबलं लोखंड आणि नाव झालं निकेलचं!

खात्री करायची तर सीव्ही (सायक्लिक व्होल्टामेट्री, म्हणजे व्होल्टेज वर-खाली नेत करंटचा ग्राफ) काढा. लोखंड शिरलं असेल तर ऑक्सिजनच्या आधी येणारा निकेलचा पीक (ग्राफमधला उंचवटा) जास्त व्होल्टेजकडे सरकलेला दिसेल. मग केओएच साफ करायला त्यात थोडं शुद्ध निकेल हायड्रॉक्साइड टाकून भरपूर हलवा, खाली बसू द्या आणि वरचं द्रावण काढून घ्या, लोखंड गाळाबरोबर जातं. हे सगळं प्लास्टिकच्या भांड्यात करा हं, काचेला केओएच खातं आणि त्यातूनही लोखंड उतरतं. आणि आपल्याकडे नळाला पाणी रोज नाही म्हणून डिस्टिल्ड संपलं की बोअरच्या पाण्याने इलेक्ट्रोड खळखळून घेतात, ते तर नकोच.

एवढं झालं की लोखंड मोजून, मुद्दाम घाला. बनवतानाच निकेलबरोबर फेरिक नायट्रेट घेतलं, एकूण धातूत लोखंड साधारण 15 ते 25 टक्के ठेवलं, की ओव्हरपोटेन्शियल (किमान लागतं त्याहून जास्तीचं द्यावं लागणारं व्होल्टेज) बरंच उतरतं. जास्त घातलं तर लोखंडाचा वेगळा थर बसतो, तो करंट नीट वाहू देत नाही आणि कामाचा राहत नाही. निकेल फोमवर (निकेलच्या स्पंजसारख्या सच्छिद्र पत्र्यावर) आकडे छान येतात पण त्यात फोमच्या मोठ्या पृष्ठभागाचाही हात असतो, त्यामुळे तुलना करायची तर दोन्ही सॅम्पल एकाच फोमवर घ्या.

साफ केओएच आणि साधं केओएच, दोन्हीतले ग्राफ शेजारी शेजारी लावा आणि मैत्रिणीला दाखवा.