वाचक विचारतात : उड्डाणानंतरचं पहिलंच वळण का चुकतं?

प्रश्न : हल्लीच्या विमानात सगळा मार्ग संगणकात भरलेला असतो. तरीही टेकऑफनंतर लगेच विमान ठरलेल्या मार्गावरून बाजूला गेल्याचं वाचनात येतं. संगणक चुकतो, की वैमानिक थकलेले असतात?

उत्तर : थकव्याने भर पडते हे खरं, पण अशा घटनांत संगणक सहसा त्याला दिलेलं कामच चोख करत असतो. चूक त्याआधी, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे जात असताना झालेली असते.

समजा, मार्ग २७ लेफ्ट या धावपट्टीसाठी (समांतर धावपट्ट्यांपैकी डावी) भरला आहे आणि निघाल्यावर नियंत्रक सांगतो, ‘आता २७ राइट’, म्हणजे उजवी. बदल एका शब्दाचा, कामं मात्र बरीच. निर्गमन मार्ग, म्हणजे विमानतळावरून बाहेर पडण्याची ठरलेली वाट, नव्याने निवडायचा. बोइंग ७३७ मध्ये टेकऑफचे वेग पुसले जातात, एअरबसमध्ये टेकऑफचा डेटा तपासण्याचा संदेश येतो. धावपट्टीची लांबी वेगळी असेल तर इंजिनाची शक्ती आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे बाहेर येणारे भाग) यांचा हिशेब पुन्हा. एक वैमानिक मान खाली घालून हे भरत असतो आणि दुसऱ्याचे डोळे टॅक्सीवेवर असतात. मधेच रेडिओवर सूचना येते, केबिन तयार असल्याचा निरोप येतो. भरलेलं तपासायला त्या क्षणी कोणीच मोकळं नसतं.

त्यात एक सापळा आहे. निर्गमन मार्गाचं नाव तेच राहतं, पण धावपट्टीनुसार त्याचा पहिला बिंदू वेगळा असू शकतो. स्क्रीनवर नाव बरोबर दिसलं की मन निर्धास्त होतं. समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी उड्डाणं चालू असतील, तर दोन मार्गांच्या दिशांत साधारण १५ अंशांचं अंतर राखतात. लेफ्टचा मार्ग भरून राइटवरून उडालेलं विमान शेजारच्याच्या वाटेत शिरतं. १८० नॉट वेगाने ते २० सेकंदांत एक सागरी मैल कापतं, आणि त्याच सुमारास चाकं आत घेणं, १००० ते १५०० फुटांवर शक्ती कमी करणं, फ्लॅप आत घेणं, नवी फ्रिक्वेन्सी लावणं हे सगळं चालू असतं. नकाशाकडे नीट बघायला उसंत अशी नसतेच.

म्हणून धावपट्टी बदलली की होल्डिंग पॉइंटच्या, म्हणजे धावपट्टीबाहेर थांबायच्या खुणेच्या आधी विमान थांबवून वेळ मागून घ्यावा. दोन मिनिटांचा उशीर परवडतो. मग एकाने स्क्रीनवरून प्रत्येक बिंदूचं नाव, दिशा, अंतर आणि उंचीची मर्यादा मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने ती छापील किंवा टॅबलेटवरच्या चार्टशी जुळवावी. दोघंही स्क्रीनकडेच बघत असतील तर त्याला तपासणी म्हणता येत नाही. मार्गात ‘डिस्कंटिन्युटी’, म्हणजे दोन बिंदूंमधला तुटलेला दुवा, दिसली तर सवयीने पुसू नये. चार्टनुसार तिथून पुढे रडारवर बघून नियंत्रक दिशा देणार असेल, तर तो खंड मुद्दाम ठेवलेला असतो.

धावपट्टीवर आल्यावर शेवटची नजर : धावपट्टीचा क्रमांक आणि विमानाची दिशा जुळते का, आणि भरलेला मार्ग धरून विमान वळवणारा मोड तयार आहे का? एअरबसमध्ये ‘नॅव्ह’ निळ्या अक्षरांत, ७३७ मध्ये ‘एलनॅव्ह’ पांढऱ्या अक्षरांत दिसायला हवा. उडाल्यावर तो हिरवा झालाय, हे वाचून म्हणायचं. हिरवा झाला नाही तर वळण आपोआप येणार नाही, हे तेव्हाच कळतं.

अमेरिकेत काही विमानतळांवर टेकऑफची परवानगी देताना नियंत्रक पहिल्या बिंदूचं नावही सांगतो. ते स्क्रीनवरच्या नावाशी जुळलं नाही तर थ्रॉटल पुढे ढकलण्याआधीच चूक पकडली जाते. इतका साधा उपाय सगळीकडे हवा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : वळण बरोबर, पण उंची चुकली, असंही होतं का?

उत्तर : होतं. मार्गात ‘अमुक बिंदूपर्यंत १५०० फूट, मग २०००’ अशी पायरी असते आणि ऑटोपायलटच्या पॅनेलवरच्या उंचीच्या खिडकीत सरळ २००० लावलेले असतात. चढाईचा (व्हर्टिकल) मोड त्या मर्यादा पाळणारा नसेल, तर विमान न थांबता वर जातं. एअरबसमध्ये ‘ओपन क्लाइम्ब’ आणि बोइंग ७३७ मध्ये ‘लेव्हल चेंज’ हे मोड या मर्यादा पाळत नाहीत. पायरी असलेल्या मार्गावर आधी खालचीच उंची लावावी. आणि नियंत्रकाने वरची उंची दिली, पण मर्यादा रद्द केल्या की नाहीत हे स्पष्ट नसेल, तर अंदाज न बांधता तिथेच विचारावं.