दिलेला पत्ता पाळ

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचला. सोलापूरच्या ६८ शिवलिंगांवरच्या वेबपानांच्या प्रोजेक्टमधले फोटो तुझ्या लॅपटॉपवर दिसतात आणि कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या चौकटी रिकाम्या. म्हणून आता सगळं उचलून एका व्हिडिओत घालतो म्हणतोस. घालू नकोस.

तुझा कोड पाहिला. पहिल्याच फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होतो: यूजर्स, तुझं नाव, डेस्कटॉप, न्यू फोल्डर. लॅबच्या मशीनवर तुझा डेस्कटॉप कुठून येणार? एचटीएमएलच्या पानात फोटो नसतोच रे, त्याचा पत्ता असतो. ब्राउझर आधी पान आणतो, वाचतो आणि त्यात लिहिलेल्या प्रत्येक फोटोची, आवाजाची मागणी वेगळी करतो. पत्ता चुकला की तेवढी चौकट रिकामी राहते, बाकीचं पान शाबूत. पान ज्या फोल्डरात आहे तिथून सुरू होणारा पत्ता लिही. फाइलींची नावं सगळी स्मॉल अक्षरांत ठेव, कारण कॅपिटल आणि स्मॉल विंडोजला सारखंच, लिनक्सच्या सर्व्हरला नाही. हे अर्ध्या तासाचं काम आहे. यासाठी रडायचं नाही.

व्हिडिओ केलास तर बघणाऱ्याला तू नेशील त्याच वाटेनं जावं लागेल. सिद्धेश्वर यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक ठरल्या वाटेनं जाते ते ठीक, पण पुण्यात बसलेल्या आपल्या माणसाला फक्त सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा ऐकायचा असला तर? दुव्यांच्या, म्हणजे लिंकच्या, पानात तो सरळ तिथं पोचतो. पानातल्या एकेका जागेला आयडी, म्हणजे वेगळं नाव, दे, पत्त्याच्या शेवटी हॅश (#) लावून तो लिही, ब्राउझर नेमका तिथं उतरतो. ध्वनीच्या फाइलीलाही हॅशपुढे ‘टी बरोबर ९०’ (t=90) लावलं की ती नव्वदाव्या सेकंदापासून वाजते. ही सोय सोडून सगळ्याचा एकच गोळा करणार होतास!

पण मग पत्ता पाळायचा. दिलेला पत्ता पाळायचाच.

टेड नेल्सननं १९६५ मध्ये हायपरटेक्स्ट, म्हणजे दुव्यांनी जोडलेला मजकूर, आणि हायपरमीडिया, म्हणजे तसेच जोडलेले फोटो-आवाज, मांडलं. त्याचा आग्रह होता की दुवा दोन्ही बाजूंना माहीत असावा. टिम बर्नर्स-लीनं १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव दिला, त्यातून पुढे जी वेब उभी राहिली तिचा दुवा एकतर्फी. कुणाला न विचारता कुणाच्याही पानाला दुवा देता येतो, म्हणून तर वेब एवढी पसरली. त्याची किंमत अशी की तुझ्या पानाला कोण दुवा देतंय हे तुला कळत नाही. तू पान हलवलंस की तिकडे ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, आणि तुला पत्ताही लागत नाही. म्हणून पानांच्या नावात साल नको, ‘फायनल’ नको, ‘न्यू’ तर नकोच. सरळ त्या लिंगाचं नाव दे आणि कायमचं ठेव.

हटवादी वाटतोय ना? इथल्याच एका संस्थेची पानं मी बांधली होती. नवे पदाधिकारी आले, नवं डिझाइन आलं, पत्ते सगळे बदलले. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळवायचा ३०१ चा नियम तरी सर्व्हरवर टाकू द्या म्हटलं. ‘जुनं कोण बघतंय सर?’ मी काम सोडलं. घरात अजून ऐकवतात, बिल तरी पुरतं घ्यायचं होतं. असेल. पण ज्यांनी विश्वासानं आपल्या लेखांतून त्या पानांचे दुवे दिले, त्यांच्या वाचकांना आज ४०४ दिसतं. ते पदाधिकारीही आता तिथं नाहीत. यात माझं काय चुकलं, तूच सांग.

रविवारी ये. लॅपटॉप आणू नकोस, पेनड्राइव्हवर नुसता फोल्डर आण. माझ्या लिनक्सवर सगळे फोटो दिसले तर पुढचं बोलू. नाही दिसले तर तिथंच बसून पत्ते दुरुस्त करायचे, आणि ते तू करायचेस.

तुझा सर