बेट्टी लव्हेट यांच्या 'इंटरप्रिटेशन्स' अल्बमविषयी

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकन गायिका बेट्टी लव्हेट यांच्या २०१० सालच्या 'इंटरप्रिटेशन्स: द ब्रिटिश रॉक साँगबुक' या अल्बममधली निम्मी गाणी आपल्याला ओळखूच आली नाहीत, मग याला कव्हर अल्बम, म्हणजे इतरांची गाजलेली गाणी पुन्हा गाण्याचा अल्बम, म्हणायचे कशासाठी; ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दुःखाचे गाणे, गाणाऱ्या बाईंनी बीटल्सपासून पिंक फ्लॉइडपर्यंतची इतकी वेगवेगळ्या जातकुळीची गाणी एकत्र का आणली; आणि त्याचे एवढे कौतुक का झाले. हा अल्बम मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यातले काय आवडते, काय खटकते हे माझ्यापुरते ठरलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी त्यांच्या मागच्या आयुष्याचे थोडे सांगावे लागेल, कारण ते माहीत नसेल तर हा अल्बम केवळ गाण्यांची हौशी निवड वाटतो. लव्हेट यांचा जन्म १९४६ साली मिशिगनमधल्या मस्कीगनचा आणि वाढ डेट्रॉइटची. आईवडील घरीच मक्याची दारू विकत आणि बैठकीच्या खोलीत नाणे टाकून वाजवायचा ज्यूकबॉक्स होता. त्यांच्या बरोबरीच्या बहुतेक कृष्णवर्णीय गायिका चर्चमध्ये गात गात तयार झाल्या. या बाई त्या ज्यूकबॉक्ससमोर तयार झाल्या, आणि त्यावर ब्लूज, कंट्री, लोकप्रिय गाणी असे सगळेच वाजत असे. सोळाव्या वर्षी, १९६२ मध्ये, 'माय मॅन' या गाण्याने त्यांना रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत पहिल्या दहांत नेले. १९६५ मध्ये 'लेट मी डाउन इझी' आले. त्यानंतर मात्र नशिबाने जी पाठ फिरवली ती जवळजवळ चाळीस वर्षे.

यातली १९७२ ची गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. अलाबामातल्या मसल शोल्स परिसरात, तिथल्या नामांकित वादकांना घेऊन त्यांनी अॅटको कंपनीसाठी 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज' नावाचा अख्खा अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि कंपनीने तो प्रसिद्धच केला नाही. एका फ्रेंच संग्राहकाच्या हाती त्या टेप लागल्या आणि २००० साली तो 'सुवनियर्स' या नावाने बाहेर आला, तेव्हा त्यात 'द स्टीलर' हे फ्री या ब्रिटिश रॉक बँडचे गाणे निघाले. त्याच सुमारास त्यांनी नील यंग यांचे 'हार्ट ऑफ गोल्ड'ही गायले होते. म्हणजे रॉकची गाणी आपल्या गळ्यातून काढून पाहण्याचा हा उद्योग म्हातारपणी कोणा निर्मात्याने सुचवलेला नाही. तो त्यांच्या पंचविशीपासूनचा आहे आणि मध्ये जबरदस्तीने बंद पडलेला होता. त्यांचा प्रत्यक्ष बाजारात आलेला पहिला अल्बम थेट १९८२ चा, पहिल्या यशानंतर वीस वर्षांनी.

पुनरागमन झाले ते २००३ च्या 'अ वुमन लाइक मी' या अल्बममुळे, ज्याला पुढच्या वर्षी ब्लूज क्षेत्रातला डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार मिळाला. तिथून अँटी या लॉस एंजेलिसच्या कंपनीकडे त्या आल्या. या कंपनीने २००२ मध्ये सॉलोमन बर्क या जुन्या सोल (चर्चच्या गाण्यातून आलेली कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी) गायकाकडून आजच्या रॉक गीतकारांची गाणी गाऊन घेतली होती आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळाले होते. निर्माते जो हेन्री. तेच हेन्री लव्हेट यांच्या २००५ च्या 'आय हॅव गॉट माय ओन हेल टू रेझ'चे निर्माते झाले. त्यातली सगळी गाणी स्त्रियांनी लिहिलेली आहेत, शिनेड ओ'कॉनर, डॉली पार्टन, फिओना अॅपल अशी, आणि अल्बमचे नाव अॅपल यांच्याच एका ओळीतून घेतलेले आहे. २००७ मध्ये मसल शोल्सलाच परत जाऊन, ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडच्या साथीने त्यांनी 'द सीन ऑफ द क्राइम' केला. ज्या गावात आपला अल्बम गाडला गेला तिथे पस्तीस वर्षांनी परतताना दिलेले हे नाव किती नेमके आहे!

आता प्रत्यक्ष 'इंटरप्रिटेशन्स'कडे येतो. त्याची ठिणगी पडली डिसेंबर २००८ मध्ये, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरच्या सन्मान सोहळ्यात. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत द हू या बँडचे पीट टाउनशेंड आणि रॉजर डाल्ट्री होते, बार्बरा स्ट्रायसँडही होत्या. मानकरी वरच्या सज्जात बसतात आणि इतर कलावंत त्यांची कला रंगमंचावरून त्यांना सादर करतात, अशी तिथली रीत आहे. लव्हेट यांना दिले होते 'लव्ह, रेन ओ'अर मी', द हूच्या १९७३ च्या 'क्वाड्रोफीनिया' या कथा सांगणाऱ्या अल्बमचे शेवटचे गाणे. मूळ कथेतला जिमी हा घर, मित्र, प्रेम सगळ्यांनी झिडकारलेला तरुण समुद्रातल्या खडकावर एकटा पावसात भिजत असतो आणि डाल्ट्री तिथे अक्षरशः आभाळाला हाक मारतात. ते गाणे कोवळ्या वयातल्या मुलाच्या आकांताचे आहे.

लव्हेट यांनी तो आकांत सुरुवातीलाच काढून टाकला. पहिले कडवे त्या जवळजवळ बोलल्यासारखे, खालच्या पट्टीत म्हणतात. ओळ जिथे संपायला हवी त्याच्या अलीकडे तोडतात, श्वास घेतात आणि उरलेले शब्द ठेक्याच्या मागून आणून ठेवतात. मुखड्यातला 'लव्ह' हा शब्द डाल्ट्रींकडे तोफेसारखा सुटतो. लव्हेट यांच्याकडे तो पहिल्यांदा येतो तेव्हा खरखरीत आवाजात, अर्धवट मोडलेला येतो, जणू मागायचेही बळ उरलेले नाही. तोच शब्द शेवटाकडे मोठा होत जातो. मग तो रागावलेल्या मुलाचा राहत नाही, आयुष्यभर थांबलेल्या बाईचा होतो. चित्रफितीत टाउनशेंड आणि डाल्ट्री यांचे चेहरे पाहावेत. हे गाणे खरोखर तुम्ही लिहिले का, असे स्ट्रायसँड यांनी शेजारच्या टाउनशेंड यांना विचारले, ही आठवण लव्हेट पुढे सांगत आल्या आहेत. आपल्या 'ओळखू आली नाहीत' या तक्रारीला मी म्हणूनच दोष मानत नाही.

त्या सोहळ्याचे संगीत संयोजक रॉब मॅथेस आणि निर्मात्यांपैकी मायकेल स्टीव्हन्स या दोघांनी लव्हेट यांच्याबरोबर या अल्बमची निर्मिती केली आणि सोहळ्यातले ते ध्वनिमुद्रण शेवटी तसेच्या तसे ठेवले. एकूण तेरा गाणी आहेत.

ती तेरा कोणती, हे पाहिले की सरमिसळ वाटणाऱ्या निवडीमागचे सूत्र दिसते. साठच्या दशकात ब्रिटनमधली ही मुले अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत ऐकून, गिरवून मोठी झाली. रोलिंग स्टोन्सनी आपले नावच ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या गाण्यावरून घेतले आणि १९६४ मध्ये शिकागोला चेस या ब्लूजच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण केले. बीटल्सच्या पहिल्या अल्बममध्ये आर्थर अलेक्झांडर या कृष्णवर्णीय गायकाचे 'अॅना' आहे, आणि अलेक्झांडर मसल शोल्सच्याच परिसरातले. ते संगीत अटलांटिक ओलांडून परत आले तेव्हा गोऱ्या मुलांच्या नावाने आले, आणि लव्हेट यांच्यासारख्या कलावंतांना रेडिओवर जी थोडी जागा होती तीही आकसली. पण या अल्बममध्ये कुठेही भांडण काढलेले नाही. बाईंनी ती गाणी नुसती घरी परत आणली आहेत. 'डोन्ट लेट मी बी मिसअंडरस्टूड'चेच पाहा: जगाला ते द अॅनिमल्सचे १९६५ चे गाणे म्हणून माहीत आहे, पण ते लिहिले गेले नीना सिमोन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेसाठी आणि त्यांनी ते आदल्याच वर्षी गायले होते. 'ब्रिटिश रॉक' या शीर्षकाखाली ते घालणे मला फार अर्थपूर्ण वाटते.

बीटल्सच्या घराण्यातली चार गाणी आहेत. 'द वर्ड' बँडचे, आणि उरलेली तीन, जॉर्ज हॅरिसन यांचे 'इझन्ट इट अ पिटी', पॉल मॅकार्टनी यांचे 'मेबी आय अॅम अमेझ्ड' आणि रिंगो स्टार यांचे 'इट डोन्ट कम इझी', ही बँड फुटल्यानंतरची, १९७०-७१ मधली. रिंगो यांच्या गाण्यात सुरुवातीलाच ब्लूज गायचा तर त्याची किंमत चुकवावी लागते या अर्थाची ओळ येते. ते मूळ गाणे प्रसन्न, दौडत्या ठेक्याचे आहे; तरुण, यशस्वी माणसाने हसत दिलेला सल्ला. लव्हेट यांनी त्याची लय एवढी खाली आणली आहे की प्रत्येक शब्द पायाखालच्या चिखलातून ओढून काढावा लागतो. चौसष्टाव्या वर्षी, चाळीस वर्षे किंमत चुकवून झालेल्या बाई ती ओळ म्हणतात तेव्हा सल्ला राहत नाही, पावती होते. एवढ्या एका गाण्यासाठीही मी हा अल्बम जपून ठेवला असता.

कव्हर आणि हे, यांतला फरक मला इथे दिसतो. कव्हर करणारा मूळ ध्वनिमुद्रण समोर ठेवून गातो. लव्हेट यांच्यासमोर कागदावरचे शब्द असतात. त्या स्वतः गीते लिहीत नाहीत, आणि स्वतःला अर्थ उलगडणारी गायिका म्हणवतात. अल्बमचे नाव त्यातूनच आलेले आहे. बंदिश तीच असूनही गायक बदलला की ऐकणाऱ्याला राग नव्याने भेटतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. रॉकच्या दुनियेत मात्र गाणे म्हणजे ते एक विशिष्ट ध्वनिमुद्रण, अशी समजूत घट्ट आहे, म्हणून तिथे याचे नवल वाटते.

'व्हाय डझ लव्ह गॉट टू बी सो सॅड' हे दुसरे उदाहरण. डेरेक अँड द डॉमिनोजच्या मूळ गाण्यात एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांची गिटारे अशी सुसाट धावतात की शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाकडे कोणाचे लक्षच जात नाही. लव्हेट यांनी ते संथ विलापगीत केले आणि प्रश्न पहिल्यांदा ऐकू आला. 'विश यू वेअर हियर' पिंक फ्लॉइडने सिड बॅरेट या हरवलेल्या साथीदाराच्या आठवणीभोवती रचले. डेट्रॉइटच्या गायिकेच्या तोंडी ते ऐकताना मला मार्व्हिन गे, डेव्हिड रफिन असे त्या शहरातले अकाली गेलेले सगळे गाणारे आठवतात. 'सॉल्ट ऑफ द अर्थ'मध्ये स्टोन्स कष्टकऱ्यांच्या नावाने पेला उंचावतात खरे, पण त्यातच गाणारा कबूल करतो की ही बिनचेहऱ्याची गर्दी त्याला खरी वाटत नाही. लव्हेट त्या गर्दीतूनच आलेल्या आहेत, त्यामुळे गाण्याची दिशाच उलटी होते.

सगळेच जमले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मूडी ब्लूज या बँडचे 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' आणि एल्टन जॉन यांचे 'डोन्ट लेट द सन गो डाउन ऑन मी' ही मुळातच भावनेने तुडुंब भरलेली गाणी आहेत. त्यांत दडलेले असे काही शिल्लक नाही, त्यामुळे तिथे बाईंची मेहनत दिसते, शोध दिसत नाही. शिवाय एकामागून एक गाण्याची लय खाली आणल्यावर सलग ऐकताना सातव्या-आठव्या गाण्याशी कान थकतो. मॅथेस यांचा वाद्यमेळही काही ठिकाणी फार गुळगुळीत झाला आहे. 'द सीन ऑफ द क्राइम'मधला ओबडधोबडपणा या आवाजाला अधिक शोभतो, असे माझे मत आहे.

स्वागताबद्दल सांगायचे तर समीक्षकांनी अल्बमचे बहुतांशी मनापासून कौतुक केले आणि त्याला समकालीन ब्लूज अल्बमच्या गटात ग्रॅमीचे नामांकन मिळाले. पुरस्कार बडी गाय या ज्येष्ठ ब्लूज गिटारवादकाच्या 'लिव्हिंग प्रूफ'ला गेला. कौतुकामागे त्यांची जीवनकहाणी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. केनेडी सेंटरनंतर सहाच आठवड्यांत, जानेवारी २००९ मध्ये, ओबामा यांच्या शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकापाशी झालेल्या कार्यक्रमात त्यांनी जॉन बॉन जोव्ही यांच्याबरोबर 'अ चेंज इज गॉना कम' गायले होते आणि ज्यांनी त्यांचे नावही ऐकले नव्हते असे लक्षावधी लोक त्यांना ओळखू लागले होते. पण केवळ सहानुभूतीवर मिळालेले कौतुक वर्षभरात ओसरते. हे ओसरले नाही. २०१८ मध्ये बॉब डिलन यांच्या गाण्यांचा 'थिंग्ज हॅव चेंज्ड' आला आणि २०२० मध्ये ब्लूज हॉल ऑफ फेमने त्यांना सामावून घेतले. त्या ब्लूज गायिका की सोल गायिका, हा आपल्या प्रश्नात डोकावणारा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. ब्लूजची बारा आवर्तनांची ठरावीक चौकट या अल्बममध्ये शोधू नये; ब्लूज इथे ओळ तोडण्यात आणि ठेक्याच्या मागे राहण्यात आहे.

आपण पुन्हा ऐकणार असाल तर क्रम बदलून पाहा. आधी १९६५ चे 'लेट मी डाउन इझी' ऐका, मग रिंगो यांचे मूळ 'इट डोन्ट कम इझी', लगेच त्यावर लव्हेट यांचे, आणि नंतर थेट शेवटचे केनेडी सेंटरचे ध्वनिमुद्रण. बाकीची अकरा गाणी दुसऱ्या दिवशी, दोन बैठकांत. 'ऑल माय लव्ह' ऐकण्याआधी एवढे लक्षात असू द्या की लेड झेपेलिनच्या रॉबर्ट प्लांट यांनी ते १९७७ मध्ये गेलेल्या आपल्या पाच वर्षांच्या मुलासाठी लिहिले होते, आणि मग लव्हेट यांनी ते कोणासाठी म्हटले असेल, हे शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या आवाजावरून आपले आपण ठरवा.