लग्नासाठी फोटोग्राफर कसा निवडावा? आणि तुम्हा लोकांना या कामात खरंच मजा येते का?

तुम्ही लिहिलंय की माघात बहिणीचं लग्न आहे, फोटोग्राफर ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि इन्स्टाग्रामवर सगळ्यांचेच फोटो भारी दिसतात. दिसणारच की. वर्षभराच्या लग्नांतून वेचून काढलेले पन्नास फोटो असतात ते. मीही तेच करतो. साताऱ्यात १४ वर्षं हेच काम करतोय.

म्हणून धंद्याच्या जरा विरोधात जाऊन सांगतो: एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवा म्हणावं. तेही तुमच्यासारख्याच कार्यालयातल्या, भर दुपारच्या मुहूर्ताच्या लग्नाचे. संध्याकाळी लॉनवर दिव्यांच्या माळा असल्या की कुणाचेही फोटो बरे येतात. खरी परीक्षा कार्यालयात. एकीकडे ट्यूबलाइट, स्टेजवर पिवळे दिवे, वर गुलाबी कापडाचा मांडव, आणि त्या कापडाचा रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरलेला.

त्या फोटोंत आधी अंतरपाट शोधा. शेवटची मंगलाष्टक संपते, 'सावधान' होतं, पाट बाजूला होतो आणि त्याच क्षणी चारी बाजूंनी अक्षता उडतात. कॅमेरा बिचारा हवेतल्या तांदळाच्या दाण्यावर फोकस धरतो आणि मागे नवरा-नवरी धूसर. पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. दाणा अगदी कोरीव आला होता! त्या घरच्यांनी मला काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं. आता मी मुंडावळ्यांवर फोकस आधीच धरून ठेवतो आणि शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली येऊ देत नाही. शिवाय सकाळीच गुरुजींना गाठून पाट कुठल्या बाजूला ओढणार ते विचारतो. गुरुजींशी न बोलणारा फोटोग्राफर मला तरी अर्धाच वाटतो. लाजाहोम कधी, सप्तपदीला जोडपं कुठून फिरणार, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. लग्नाला स्वतः येणार की दुसऱ्याला पाठवणार, हे तोंडावर विचारा. तिथीच्या दिवशी एकाच स्टुडिओची तीन-तीन लग्नं असतात. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात का, तेही विचारा. एक कार्ड बिघडलं तर लग्न काही परत लावता येत नाही. अल्बमची पानं किती, जास्तीच्या पानाचे किती, फोटो कधी मिळणार, सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच. ड्रोनचे पैसे वाचवा, कार्यालयाच्या छताचे फोटो कोण बघतं?

आता मजेचं. पाय सुजतात, जेवायला बोलावतात तेव्हा नेमका विहिणींच्या पंगतीचा उखाणा सुरू असतो, आणि एक तरी काका मोबाईल घेऊन बरोबर माझ्या लेन्ससमोर उभे राहतात. तरीही येते मजा. गेल्या मोसमातलं सांगतो. पाठवणी झाली, गाडी गेली, मी सामान आवरत होतो. नवरीचे वडील रिकाम्या हॉलमध्ये आचाऱ्याशी हिशोब करत उभे होते. काखेत रुखवतातली लोकरीची बाहुली, कुणीतरी विसरलेली. पैसे मोजताना दोनदा आकडा चुकले, मग बाहुली नीट खुर्चीवर बसवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. तो फोटो मी काढला. अल्बममध्ये नाही घातला, वेगळा छापून त्या मुलीला दिला. या फोटोचे पैसे कुठल्याच पॅकेजमध्ये नसतात, आणि मी टिकलोय तो अशांसाठीच.

आणि हो, तुम्ही नवरीचे भाऊ, म्हणजे कानपिळी तुमचीच. बहुतेक भाऊ लाजून कानाला नुसता हात लावतात आणि मागे सरतात, फोटोत काहीच येत नाही. नीट पिळा, आणि फोटोग्राफरने मान हलवल्याशिवाय सोडू नका.