हॉटेल स्टेशनजवळ घ्यावे की कामाजवळ?

प्रश्न : कार्यालयीन कामासाठी मला दर महिन्याला दोन दिवस एका मोठ्या शहरात राहावे लागते. राहण्याचा भत्ता बेताचाच आहे. मागच्या खेपेस ‘मुख्य स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ ही जाहिरात पाहून एक बिझनेस हॉटेल घेतले. पण बॅग घेऊन पादचारी पुलाच्या पायऱ्या चढता-उतरता दमछाक झाली, सकाळी कामाच्या ठिकाणी पोहोचायला पाऊण तास लागला आणि लिफ्टच्या आवाजाने रात्रभर डोळा लागला नाही. परवडणारी आणि येण्याजाण्यास सोयीची खोली निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर : आपण स्टेशनपासूनचे अंतर पाहून हॉटेल ठरवलेत, तिथेच गफलत झाली. अशा मुक्कामात स्टेशनशी आपला संबंध दोनदाच येतो, येताना आणि परतताना. कामावर मात्र रोज सकाळी ठरल्या वेळी हजर व्हावे लागते. म्हणून आधी कामाचा पत्ता नकाशावर पाहावा, तिथे गाडी न बदलता थेट जाणारी मेट्रो किंवा बस कोणती ते शोधावे आणि त्याच मार्गावर, मध्यवस्तीपासून तीन-चार थांबे अलीकडे किंवा पलीकडे खोली पाहावी. मध्यवस्ती सोडली की भाडे सहसा उतरते, आणि थेट गाडी असल्यास वेळ फारसा वाढत नाही. गाडी बदलावी लागली की हिशेब बिघडतो. दुसरी गाडी दर दहा मिनिटांनी असेल तर सरासरी पाच मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात, शिवाय एका फलाटावरून दुसऱ्यावर जाण्याची पायपीट वेगळी. प्रवासाचा वेळ तपासताना कामाच्या दिवसाची सकाळच धरावी, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हेही पाहून ठेवावे.

साधारण चालीने माणूस पाच मिनिटांत सुमारे ४०० मीटर जातो. जाहिरातीतील ही पाच मिनिटे बहुधा स्टेशनच्या सर्वांत जवळच्या दारापासून मोजलेली असतात, आपण उतरतो त्या फलाटापासून नव्हे. चाकांची बॅग पायरीगणिक उचलावी लागते, तो वेळ त्यांत धरलेलाच नसतो. कोणत्या दाराने बाहेर पडावे आणि तिथे लिफ्ट आहे का, हे हॉटेलला फोन करून विचारावे.

झोपेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्या दिवशीचे सगळे काम तिच्यावरच अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शांत झोपेसाठी खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. उशामागच्याच भिंतीपलीकडे लिफ्ट वरखाली होत असेल तर ते जमणे अवघडच. खोली राखून ठेवतानाच ‘लिफ्टपासून दूर, रस्त्याच्या मागच्या बाजूची’ असे लेखी कळवावे. अशी खोली बहुतेकदा जादा पैसे न देता मिळते, मात्र ती मागावी लागते. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही, असे अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांना २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याला दर महिन्याला जायचेच आहे, तर एकदा चांगले हॉटेल सापडल्यावर थोड्याशा बचतीसाठी ते बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ओळखीच्या पाहुण्याला हवी ती खोलीही लवकर मिळते.

भाड्याविषयी थोडेसे. बिझनेस हॉटेलांचे दर कामाच्या दिवसांत चढतात आणि सुटीच्या दिवसांत उतरतात, त्यामुळे सोमवारी सकाळी काम असेल तर रविवारी रात्रीच पोहोचणे पुष्कळदा परवडते. सर्वांत स्वस्त दरात आरक्षण रद्द केल्यास बहुधा पैसे परत मिळत नाहीत. बैठकीची तारीख पुढेमागे होण्याची शक्यता असेल तर थोडा अधिक, पण रद्द करता येणारा दर घ्यावा. खोली सहसा दुपारी दोन-तीनच्या सुमारास ताब्यात मिळते. सकाळी लवकर पोहोचणार असाल तर बॅग ठेवून घेतील का आणि कामावर जाण्यापूर्वी हातपाय धुऊन कपडे बदलायला जागा मिळेल का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.