वाचक विचारतात : काट्सुनुमा नावाचं गाव आहे की नाही?

प्रश्न : माझा भाचा टोकियोला आयटीत आहे, त्याने काट्सुनुमा म्हणून एका गावाचे फोटो पाठवले. द्राक्षाचे मांडव बघून वाटलं आपण दिंडोरीतच उभे आहोत. पण गावाची नगरपालिका नेटवर शोधली तर भलतंच कोशू सिटी येतं. मग हे गाव आहे का नाही? आणि जपानमध्ये एवढा पाऊस, तरी द्राक्ष तिथंच कसं काय? — एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : भाऊ, गाव आहे, नगरपालिका नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त भारी आहे म्हणून आधी तोच घेतो.

काट्सुनुमा यामानाशी प्रांतात, कोफू खोऱ्याच्या पूर्वेच्या कडेला, टोकियोच्या शिंजुकूहून रेल्वेने साधारण दीड तास. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी दगडगोटे आणि वाळू आणून तिथं पंख्यासारखा पसरलेला उतार तयार केलाय, त्यात पाणी ठरतच नाही, आणि पाणी ठरत नाही तर भाताचा चिखल कुठून करणार! जुन्या जपानात जमिनीची पत भाताच्या पिकावर मोजायचे, त्या हिशोबाने हा उतार म्हणजे कमनशिबीच. वेलीला मात्र निचरा होणारी जमीन लागते हे तुम्हाला मी काय सांगणार. मधे रेशमाच्या चलतीच्या काळात याच खोऱ्यातल्या उतारांवर तुतीही खूप होती, महायुद्धानंतर तिची जागा फळबागांनी घेतली.

पावसाचं म्हणाल तर डोंगरांच्या आडोशामुळे तिथं जपानच्या मानाने कमी पडतो, पण चुकत नाही. जून-जुलैत पावसाळा आणि सप्टेंबरात वादळं, म्हणजे ऐन घड तयार होताना. आपण ऑक्टोबर छाटणी धरून पीक पावसाळ्याच्या पलीकडे नेतो, त्यांना ती सोय नाही कारण हिवाळ्यात वेल पार झोपलेली असते. म्हणून मांडव, आणि एकेका घडाला कागदाची छोटी टोपी! आपल्याकडे घडांना पेपर लावतात तो उन्हासाठी, तिकडची टोपी मुख्यतः पावसासाठी. मजुरीचा विचार केला की माझं तर डोकं गरगरतं.

हे द्राक्ष आलं कुठून याच्या दोन दंतकथा आहेत, एकीत ७१८ साली ग्योकी नावाच्या भिक्षूला हातात द्राक्षाचा घड घेतलेला बुद्ध दिसला आणि त्याने दाइझेनजी मंदिर स्थापलं, दुसरीत ११८६ साली आमेमिया कागेयु नावाच्या माणसाला रानात वेल सापडली. खरंखोटं देव जाणे, पण मंदिराचा १२८६ चा मुख्य मंडप आजही उभा आहे आणि राष्ट्रीय ठेवा आहे. कोशू या स्थानिक जातीची डीएनए तपासणी झाली त्यात ती बरीचशी युरोपातल्या द्राक्षाच्या कुळातली आणि थोडी पूर्व आशियातल्या रानवेलीची निघाली, म्हणजे बाई कधीतरी पश्चिमेकडून लांबचा प्रवास करून आलेली आहे.

एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जाणारा कोशू काइदो हा हमरस्ता गावातूनच जायचा आणि इथं मुक्कामाचा टप्पा होता, माल त्याच वाटेने राजधानीत. १८६८ मध्ये याच रस्त्यावर शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, बाजूने लढणाऱ्या कोंदो इसामीच्या तुकडीचा सम्राटाच्या फौजेने फडशा पाडला. आणि पुढं ९ वर्षांत, १८७७ ला, गावात वाइन कंपनी निघाली आणि तिने दोन तरुणांना वाइन शिकायला थेट फ्रान्सला पाठवलं! कंपनी फार टिकली नाही, विद्या टिकली. गावातले जुने लोक अजूनही साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, १.८ लिटरच्या बाटलीतली वाइन चहाच्या कपात ओतून पितात, मला हे फार आवडतं.

आता नगरपालिका. जपान सरकारने खर्चाचा मेळ बसावा म्हणून गावंच्या गावं एकत्र केली, १९९९ च्या सुमारास ३,२०० च्या वर पालिका होत्या त्या दहा-बारा वर्षांत १,७०० च्या घरात आल्या. त्यातच १ नोव्हेंबर २००५ ला काट्सुनुमा, शेजारचं एन्झान शहर आणि यामातो गाव मिळून कोशू सिटी झाली, मुख्य ऑफिस एन्झानला. आपल्याकडे १९८२ ला नाशिकरोड-देवळाली आणि सातपूरच्या नगरपालिका नाशिक महापालिकेत गेल्या तसंच की, पण नाशिकरोडचा माणूस आजही जुन्या नाशकातल्या मेनरोडला निघाला की “नाशिकला जाऊन येतो” म्हणतोच ना. तिकडंही स्टेशनचं नाव काट्सुनुमा-बुदोक्यो, ऑक्टोबरातला द्राक्षोत्सव काट्सुनुमाच्या नावाने, आणि टेकडीवरचं ‘बुदो नो ओका’ हे वाइन चाखायचं ठिकाण तर कोशूची नगरपालिकाच चालवते. आपल्याकडे पालिकेने वाइन पाजायची म्हटलं तर महासभेत काय गोंधळ होईल!

प्रश्न : तिकडे बागा बघायला कधी जावं? — तेच वाचक

उत्तर : सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. तुमची छाटणीची गडबड नेमकी तेव्हाच असते, त्यामुळे भावाला बागेवर ठेवून जा. आणि १९०३ चा जुना रेल्वे बोगदा बघा, जवळपास १.४ किलोमीटर आहे, रूळ तसेच ठेवून चालायची वाट केलीय, तिथलाच दुसरा बोगदा वाइन साठवायला वापरतात. निघायच्या आधी बोगदा खुला आहे ना ते भाच्याला फोन करून विचारायला सांगा, मधे काही वर्षं तो बंद होता.